भुलाबाईची तबकडी

आज सकाळी घरामागच्या वावरात थ्रेशर लागलं. खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, तरी दुपारपर्यंत ओट्यावर, पुस्तकांवर, माठाच्या झाकणावर सोयाबीनची ती पिवळसर, खाजरी धूळ बसलीच. देऊळगाव राजाच्या कडेला घर बांधलं तेव्हा मोकळी हवा मिळेल म्हणून आम्ही खूश होतो. हवा मिळते, वर्षभर मिळते. आश्विनात मात्र हवेऐवजी मळणीचं कुटार मिळतं.

तसे हे दिवस मला आवडतात. पहाटे गवतावर दव असतं आणि दुपारी त्याच गवतावर पाय ठेववत नाही. सोंगलेल्या वावरातली खोडं चपलेतून टोचतात, बांधावरच्या तुरीला पिवळी फुलं धरू लागतात, आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर कुठल्यातरी ओसरीवर भुलाबाई बसलेली असते. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. आता मुली कमी जमतात. जमल्या तरी मोबाइलवर गाणं लावतात आणि त्याच्याबरोबर ओठ हलवतात. ते ऐकलं की मला मागच्या आश्विनातली तबकडी आठवते, आणि तबकडीबरोबर तो सगळा वैताग आठवतो. तो आठवला की आजही माझ्या कपाळाची शीर उडते.

माझे वडील साखरखेर्ड्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्न, बारसं, सप्ताह, बैलपोळा, काहीही असो, बाबांचा कर्णा झाडावर चढायचा. ते गेल्यावर अवी, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणाला की त्या रेकॉर्डची पेटी ताईच्या घरी जाऊ दे, ती ग्रंथपाल आहे, तिला जुन्या वस्तू सांभाळायची सवय आहे. तो पुण्याला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. त्यामुळे सवय माझी आणि पेटीही माझी.

पेटीत पुष्कळ काही होतं, पण बहुतेक सगळं आता कुठंही ऐकायला मिळतं. न मिळणारी एकच होती. लहान आकाराची, दोन्ही बाजूंना भुलाबाईची गाणी असलेली तबकडी. कुठल्याशा छोट्या कंपनीनं काढलेली, जी कंपनी पुढं कधी बंद पडली हेही कुणाला ठाऊक नाही. पाकिटावर छापलेलं होतं, ‘कासाबाई आणि पार्टी’.

त्या पार्टीत माझी आत्या होती. निदान आमच्या घरात तसं म्हटलं जायचं. सरूआत्या, बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी लोकगीतं गोळा करत फिरणारा एक माणूस साखरखेर्ड्याला आला. त्यानं कासाबाईंचं गाणं ऐकलं आणि त्यांना, मागं झील धरणाऱ्या चारपाच मुलींसकट, रेकॉर्डिंगसाठी अकोल्याला नेलं. आत्या त्यांतली सगळ्यांत लहान. आयुष्यात पहिल्यांदा गाव सोडलेली, बंद खोलीत उभी केलेली, घाबरलेली. त्या घाबरण्यात ती दर ओळीला इतर मुलींच्या जरा आधीच सुरू करायची. रेकॉर्डिंगवाल्यानं तिला ओरडून मागं, थेट दाराजवळ नेऊन उभं केलं आणि म्हणाला की हिचा आवाज आपण नंतर कापून टाकू.

ते वाक्य तिनं जन्मभर खरं धरलं. माइक एकच होता, सगळ्या एकदमच गात होत्या, त्यातून एकीचा आवाज कापता येत नाही, हे तिला कोण सांगणार. लग्न होऊन ती बुलडाण्याजवळच्या धाड गावी गेली. सासरी तिनं हौसेनं सांगितलं की माझी रेकॉर्ड निघाली आहे, तर लोकांनी विचारलं, नाव कुठंय? नाव नव्हतंच. तेव्हापासून तिचे धाकटे दीर नारायणकाका तिला ‘रेकॉर्डवाल्या वयनी’ म्हणू लागले. काका तसे वाईट नाहीत. पण एकच थट्टा माणूस किती वर्षं करू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. बाबा दर आश्विनात ती तबकडी कर्ण्यावर लावायचे आणि गावाला सांगायचे की ह्यात माझी बहीण आहे. पण त्या कर्ण्यातून कासाबाई तेवढ्या ऐकू यायच्या, बाकी सगळा खरखराट. आत्या माहेरी आली की ते ऐकायची. भाऊ मायेपोटी म्हणतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर मागच्या वर्षी मी ठरवलं की ह्या भुलाबाईत ती तबकडी कॉम्प्युटरवर घ्यायची आणि आत्याला ऐकवायची. रेकॉर्ड थेट लॅपटॉपला जोडता येईल असं यंत्र मागवलं. इथवर सगळं सोपं होतं. मग मी चारचौघांत एक प्रश्न विचारला: फाइल कोणत्या प्रकारात ठेवू?

हा प्रश्न विचारायचा नसतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अवी म्हणाला एमपी-थ्री, सगळीकडे वाजते, हलकी असते, विषय संपला. आमच्या कॉलेजातले संगीताचे सर म्हणाले वेव्ह, आणि एमपी-थ्रीचं नाव काढल्यावर त्यांनी जे तोंड केलं ते मी शिळ्या भाजीसाठी राखून ठेवते. इंटरनेटवर पाहिलं तर तिथं परदेशातली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. कुणी म्हणत होतं चोवीस बिट, कुणी म्हणत होतं सोळा पुरे, कुणी म्हणत होतं फ्लॅक, आणि कुणी म्हणत होतं की वटवाघळाला ऐकू येतं तेवढं सगळं टिपल्याशिवाय रेकॉर्डला हातच लावू नका. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सुचवलं की रेकॉर्ड लावायची आणि समोर मोबाइल धरायचा.

ह्या सगळ्या गदारोळात मला एकच गोष्ट दिसत होती. बाबांच्या जुन्या प्लेअरच्या जड सुईनं ती तबकडी पार घासून निघाली होती. काळी चकाकी जाऊन तिच्यावर राखेसारखा रंग चढला होता. प्रत्येक वेळी वाजवलं की ती आणखी थोडी झिजणार. म्हणजे एकदा नीट घ्यायचं ते घ्यायचं. पुन्हा दहा वेळा वाजवून पाहू, आज हलकी फाइल करू, उद्या मोठी करू, असा तिथं खेळ नव्हता. आधी सगळंच्या सगळं उचलायचं, काही न टाकता. हलकं नंतर कधीही करता येतं. टाकलेलं परत आणता येत नाही. मी वेव्ह धरलं, चोवीस बिटांत.

आणि मग घ्यायला बसले. कासाबाईंनी पहिली ओळ उचलली, मागून मुलींचा झील आला, आणि लाइट गेली. यंत्राची चकती जडावत गेली, कासाबाईंचा आवाज खाली खाली जात एखाद्या म्हाताऱ्या बुवासारखा झाला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी लाइट होती तर मागं थ्रेशर लागलं. त्याच्या थरथरीनं टेबलावरचा पेला हलत होता, सुई काय टिकणार. वरून ती धूळ. तबकडी पुसून ठेवली, पाणी प्यायला गेले, परत आले तोवर तिच्यावर कुटाराचा पातळ थर. मी थ्रेशरवाल्याला विनवायला वावरात गेले की बापा, एवढं गाणं होईस्तोवर थांबव. त्यानं कानाला हात लावून विचारलं, काय होईस्तोवर? गाणं, मी ओरडून म्हणाले. त्यानं सोयाबीनची पुढची पेंढी आत सारली.

शेवटी थ्रेशर दुसऱ्याच्या वावरात गेल्यावर, सकाळी दव असताना, धूळ खाली बसलेली असताना ते झालं. दोन्ही बाजू, न अडखळता. हेडफोन लावून ऐकलं. पुढं कासाबाईंचा रुंद, खणखणीत आवाज. मागं मुली. आणि मुलींच्याही मागं, जणू दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा, एक बारीक आवाज, प्रत्येक ओळीला बाकीच्यांच्या किंचित आधी उमटणारा. मी डोळे मिटून बसले. पण आत्याचा त्या वयातला आवाज मी कुठं ऐकलेला? ती आहे की दुसरी कुणी, हे मी कशावरून सांगू?

फाइल भलीमोठी झाली होती. धाडला पाठवावी म्हटलं तर मोबाइलवर ते गोल वर्तुळ फिरत राही आणि शेवटी थकून बंद पडे. मी अवीला पुण्याला पाठवली, जपून ठेव म्हणून. आमच्या वायफायनं ते काम करायला अख्खी दुपार घेतली. अवीनं जपून ठेवली, पण तो अवी आहे. त्यानं ती कसल्याशा सॉफ्टवेअरमधून धुऊन काढली, खरखर घालवली, तिची इवलीशी एमपी-थ्री केली आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिली. खाली लिहिलं, ‘आत्याचं गाणं, एन्जॉय.’ भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलं आली.

दुसऱ्या दिवशी धाडहून आत्याच्या मुलाचा, गजूदादाचा फोन. त्यानं ते गाणं अंगणात, सगळ्यांसमोर आईला ऐकवलं होतं. आत्यानं फोन कानाला लावून ते पुन्हा पुन्हा ऐकलं. नारायणकाका तिथंच होते. ते हसत म्हणाले की वयनी, ह्याच्यात तुम्ही तं कोठी दिसून नाही राह्यल्या. आत्यानं फोन मुलाच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, ‘कापलंच त्यायनं मले.’ मग ती उठून आत गेली. तेव्हापासून ती जेवते, कामं करते, पण कुणाशी धड बोलत नाही, असं गजूदादा सांगत होता. ताई, काऊन पाठवलं तुम्ही ते, असं त्यानं विचारलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

मी ग्रुपवरची फाइल लावली. कासाबाई होत्या. मुली होत्या, पण एकमेकींत कालवून त्यांचा एक गोळा झाला होता, पाण्याखालून आल्यासारखा. आणि तो मागचा बारीक आवाज नव्हताच. खरखरीबरोबर तोही धुऊन गेला होता.

अवीशी माझं जे बोलणं झालं त्याला भांडण म्हणायला हरकत नाही. तो मला शांतपणे समजावत होता, आणि शांतपणे समजावणाऱ्या धाकट्या भावाइतका संताप आणणारा प्राणी दुसरा नाही. तो म्हणाला की एमपी-थ्रीचं शास्त्रच तसं आहे. मोठ्या आवाजामागं लपलेला बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नसतो, म्हणून ती तो टाकून देते आणि जागा वाचवते.

‘जे कानाला ऐकूच येत नाही तेवढंच काढते, ताई.’

‘कोणाच्या कानाला?’ मी विचारलं.

 तो म्हणाला की मी जरा जास्तच बारीक केली होती खरी, आणि ती खरखर काढायला नको होती. मी फोन ठेवला. माझा राग एकट्या अवीवर नव्हता. पुढच्या माणसाचा आवाज मोठा असला की मागच्याचा हिशोबात धरायचाच नाही, हे कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं होतं, आणि ते इतकं सोयीचं होतं की जगभर सगळ्यांनी मान्य केलं होतं. मीही रोज त्याच फाइली ऐकत होते. त्यांत कोण कोण गळून गेलं असेल, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता.

रविवारी लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घालून मी निघाले. चिखलीला गाडी बदलली, बुलडाण्याला पुन्हा बदलली, आणि पुढं धाडपर्यंत जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले, कारण खाली कुणाचीतरी कोंबडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या, काहींवर ताडपत्र्या. मला सारखं वाटत होतं की तो मागचा आवाज आत्याचा नसला तर काय. मग एवढं सगळं करून आपण तिच्या घरी जाऊन तेच वाक्य पुन्हा एकदा सिद्ध करून यायचं.

आत्या अंगणात तुळशीजवळ बसून मूग निवडत होती. मला पाहून तिला बरं वाटलं, पण पिशवीतून लॅपटॉप काढताच तिनं तोंड फिरवलं. आयकलं म्या ते, म्हणाली. मी म्हटलं की ते अर्धवट होतं, अवीनं बिघडवलेलं, खरं हे आहे. तिला ते पटलं नाही. आपली समजूत काढायला भाची एवढ्या लांबून आली आहे, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. केवळ माझं मन मोडू नये म्हणून तिनं हेडफोन लावू दिले. पदरावरून ते नीट बसेनात, मग तिनं पदर खाली घेतला.

गाणं सुरू झालं. कासाबाईंच्या ओळीला तिची मान हलली. झील आला तशी ती थांबली. हातातला मूग हातातच राहिला. मग तिनं एक बोट वर केलं, माझ्याकडे न बघता, जणू मला म्हणतेय की बोलू नको. पुढची ओळ आली, त्या पुढची आली. तिचे ओठ हलू लागले, आणि मग आवाज फुटला. आता तो जाडसर, कापरा झालेला, पण ती गात होती. हेडफोन तिच्या कानांवर असल्यामुळे अंगणात आम्हाला फक्त तिचंच गाणं ऐकू येत होतं, कासाबाईंशिवायचं, एकटीचं.

नारायणकाका ओसरीवरून उठून जवळ आले. आत्यानं हेडफोन काढले आणि त्यांच्यापुढं धरले.

‘बसा भाऊजी,’ ती म्हणाली. ‘आयका.’

ते बसले. त्यांना मी पहिल्यापासून लावून दिलं. आत्या समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. किती पुढं आलं असेल ह्याचा तिला अंदाज होता. ती झीलाच्या जागेला पुन्हा गाऊ लागली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. एका कानावरचा हेडफोन त्यांनी जरा सरकवला, म्हणजे एका कानानं रेकॉर्ड आणि दुसऱ्या कानानं समोरची आत्या. दोघी एकदमच ओळ धरत होत्या, दोघी इतरांच्या आधी.

‘हाव,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच हाये वयनी. घाईत हाये तुम्ही.’

आत्या हसली नाही. तिनं मूग निवडायला घेतला. पण थोड्या वेळानं तिनं मला विचारलं की ह्या मशीनमधे नावं टाकता येतात का. पाकिटावर तं नाही टाकली त्यायनं.

मी वेव्हमध्ये नावं घालून पाहिली, ती राहीनात. अवीला फोन केला. तो तयारच होता, अपराध्यासारखा पहिल्या घंटीला उचलला त्यानं. म्हणाला की फ्लॅक कर. त्यात आवाज साडीसारखा घडी घालून ठेवलेला असतो, टाकलेला काही नसतो, आणि नावांना जागा असते. सगळ्या जगानं आठवडे खाल्ल्यावर हे उत्तर दोन वाक्यांत मिळालं. आधी का नाही सांगितलंस, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण आत्या ऐकत होती.

तिनं नावं सांगितली, ज्या क्रमानं उभ्या होत्या त्या क्रमानं. कासाबाई. गोदी. यमुना, जी दुसऱ्या बाळंतपणात गेली. कावेरी, जी आता कुठं असते ठाऊक नाही. आडनावं लावू का विचारलं तर म्हणाली, तवा आमाले कोण आडनावानं बलावे. शेवटी, दाराजवळ, सरू.

पण गजूदादाच्या ट्रॅक्टरवरच्या टेपला फ्लॅक चालेना. पेन ड्राइव्ह लावला की तो लाल दिवा लावून गप्प बसायचा. म्हणजे शेवटी एमपी-थ्री करावी लागलीच, मोठ्यात मोठी, भरघोस, जीत मागचा आवाज शाबूत राहील अशी. नावं तिच्यातही घातली आणि चार वेळा ऐकून खात्री केली. मनातून मात्र मी हात टेकले होते.

संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात उभा करून त्यानं ती लावली. झील आला, आणि झीलाच्या आधी सरू आली, स्पष्ट. टेपच्या निळ्या काचेवर गाणाऱ्यांची नावं सरकत जायला हवी होती. सरकत होते नुसते चौकोन, रिकामे, एकामागून एक, कारण त्या टेपला मराठी येत नव्हतं. मी कपाळाला हात लावला. अवीला पुन्हा फोन करायची माझ्यात ताकद नव्हती.

आत्या ट्रॅक्टरच्या पायरीला धरून उभी होती. ‘ह्याच्यात मी कोणती?’ तिनं विचारलं.

‘शेवटचे तीन,’ मी म्हणाले. ‘स, र आणि त्याचा ऊकार.’

ती चाळिशी सारखी करून काचेपाशी वाकली. चौकोन जात राहिले, संपले, पुन्हा पहिल्यापासून आले. मागं गोदी गात होती, यमुना गात होती. आत्यानं काचेवर बोट टेकवून धरलं आणि शेवटचे तीन त्याखालून सरकायला लागले तशी म्हणाली, ‘हे पाह्य, आली मी.’